झिजलेल्या शब्दांची गोष्ट

वाचकहो, इटालियन शिकू लागलेला विद्यार्थी पहिल्या काही पाठांतच अडखळतो. 'दि' म्हणजे 'चा' आणि 'इन' म्हणजे 'मध्ये', हे तो घोकतो. 'इल', 'ला' ही इंग्रजीतल्या 'द' सारखी उपपदे, हेही त्याला कळते. पण पुस्तक उघडावे, तर 'दि ला' च्या जागी 'देल्ला' आणि 'इन इल' च्या जागी 'नेल'! हा नसता खटाटोप वैयाकरणांनी मांडला, असे त्याला वाटते. खरा प्रकार अगदी उलट आहे.

सिसेरोच्या लॅटिनमध्ये उपपद नव्हतेच. 'रोसा' म्हणजे गुलाब आणि 'रोसाए' म्हणजे गुलाबाचा. सगळे काम प्रत्ययांवर भागे. पण बाजारातल्या बोलण्यात शब्दांच्या शेवटचा 'म' गळू लागला, स्वर एकमेकांत मिसळले आणि प्रत्यय ओळखू येईनात. मग त्यांचे काम 'दे', 'इन', 'आद' या शब्दयोगींच्या गळ्यात पडले. 'इल्ले', 'इल्ला' ही 'तो', 'ती' अशा अर्थाची सर्वनामे वापरून वापरून झिजली आणि त्यांची उपपदे झाली. दोघांची रोजची जोडी जमली: 'दे इल्ला' चे 'देल्ला' झाले, 'इन इल्ला' मधला पहिला 'इ' गळाला आणि 'नेल्ला' उरले. म्हणजे बघा, 'नेल्ला' हा 'इन' चा चमत्कारिक अवतार नव्हे, तो त्याचा अवशेष आहे!

ही झीज थांबवायला कोणी धडपडले नाही असे नाही. 'प्रोबसची पुरवणी' म्हणून ओळखली जाणारी 227 नोंदींची एक जुनी यादी आहे. कोणा अनामिकाने तीत लोकांच्या चुका दुरुस्त केल्या आहेत. अंत्य 'म' गाळू नका, असे ती बजावते. कानाला 'ओरिक्ला' नव्हे, 'औरिस' म्हणा, असेही सांगते. आज इटलीत कानाला 'ओरेक्किओ' म्हणतात. तो शब्द त्या खोडलेल्या 'ओरिक्ला' चाच वंशज! पुढे इ.स. 960 मध्ये कापुआच्या न्यायनिवाड्यात साक्षीदारांची लोकभाषा जशीच्या तशी लिहिली गेली. पण संत बेनेडिक्टच्या नावाला तिथेही जुना लॅटिन षष्ठीचा प्रत्यय आहे. जुने असे रेंगाळत जाते.

आणि जोडलेलेही सुटते, बरं का! 'पेर' आणि 'इल' मिळून होणारे 'पेल' आता जुनाट वाटते. लोक पुन्हा 'पेर इल' असे सुटे लिहितात. विद्यार्थ्यांच्या वह्यांवर लाल पेन्सिल फिरवताना मला ती यादी हटकून आठवते. शुद्ध-अशुद्ध शिकवायलाच हवे. पण आज खोडलेल्या शब्दांतला कोणता उद्याचे व्याकरण होईल, हे आम्हा मास्तरांना कुठे ठाऊक असते?