गोव्यातील मृत्युपत्र : अधिकार आणि मर्यादा

आपल्या पश्चात घर, भाट, शेत किंवा ठेवी कोणाला मिळाव्यात, हे लिहून ठेवण्याचे साधन म्हणजे मृत्युपत्र. मात्र ‘माझी मालमत्ता, मी हवी त्याला देईन’ हे विधान गोव्यात पूर्णतः खरे ठरत नाही. पोर्तुगीज नागरी संहितेचा (१८६७) वारसा येथे मुक्तीनंतरही टिकून राहिला. उत्तराधिकाराविषयीच्या तिच्या तरतुदींची जागा आता २०१२च्या गोवा उत्तराधिकार कायद्याने घेतली असली, तरी मूळ तत्त्वे कायम आहेत.

निम्म्यावर जोडीदाराचा हक्क

विवाहापूर्वी वेगळा करार केला नसेल, तर पती-पत्नींची मालमत्ता सर्वसाधारणपणे सामाईक मानली जाते आणि प्रत्येकाचा त्यात निम्मा वाटा असतो. मालमत्ता कागदोपत्री एकाच्याच नावावर असली, तरी हा हक्क बाधित होत नाही. त्यामुळे मृत्युपत्र केवळ स्वतःच्या अर्ध्या वाट्यापुरतेच करता येते.

मुलांचा राखीव वाटा

या अर्ध्या वाट्याचीही मनाजोगती वाटणी करता येत नाही. मुले असल्यास त्यातील निम्मा भाग कायद्याने त्यांच्यासाठी राखून ठेवलेला आहे. मुलगा आणि मुलगी यांचा हक्क समान असून लग्न झालेल्या मुलीलाही तो लागू होतो. कायद्यात नमूद केलेल्या गंभीर कारणांखेरीज कोणालाही त्यातून वगळता येत नाही.

समजा, एका दांपत्याची सामाईक मालमत्ता ८० लाख रुपयांची असून त्यांना दोन मुले आहेत. पतीच्या निधनानंतर ४० लाख पत्नीचेच राहतात. उरलेल्या ४० लाखांपैकी २० लाख मुलांसाठी राखीव, म्हणजे प्रत्येकी १० लाख. मृत्युपत्राने हवे त्याला देता येतील ते उरलेले २० लाख. हयातीत दिलेल्या बक्षिसांमुळे राखीव वाटा घटत असेल, तर वारस त्यांनाही आव्हान देऊ शकतात.

मग मृत्युपत्राची गरज काय?

आजारपणात सेवा केलेल्या मुलीला अधिक वाटा देणे, जोडीदाराला आधार देणे किंवा एखाद्या संस्थेला दान करणे या मोकळ्या भागातूनच शक्य होते. निपुत्रिक दांपत्याने तर मृत्युपत्र अवश्य करावे. ते नसल्यास मृताच्या वाट्यावर प्रथम आई-वडिलांचा आणि त्यांच्या पश्चात भावंडांचा हक्क पोहोचतो. हयात जोडीदाराचा क्रम त्यानंतर येतो.

बँक खात्यावरील नामनिर्देशन मृत्युपत्राला पर्याय ठरत नाही. नामनिर्देशित व्यक्ती रक्कम स्वीकारते. मालकी वारसांचीच राहते.

राज्याबाहेरील मालमत्ता

बेळगाव किंवा पुणे येथील हिंदू व्यक्ती स्वकष्टार्जित मालमत्ता मृत्युपत्राने पूर्णपणे हवी त्याला देऊ शकते. गोमंतकीयाने मुंबईत सदनिका घेतली म्हणून त्याला हे स्वातंत्र्य मिळत नाही. गोव्याचा अधिवास असलेल्या व्यक्तीच्या देशातील अन्यत्रच्या मालमत्तेलाही गोव्याचाच उत्तराधिकार कायदा लागू होतो, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१९ मध्ये स्पष्ट केले आहे.

मृत्युपत्र हयातीत केव्हाही बदलता किंवा रद्द करता येते. मृत्यूनंतर वारसांत एकमत न झाल्यास न्यायालयात ‘इन्व्हेंटरी’ची कार्यवाही होऊन मालमत्तेची मोजदाद व वाटणी केली जाते. म्हणूनच मृत्युपत्र करण्यापूर्वी विवाह नोंदणीची कागदपत्रे, विवाहपूर्व करार असल्यास तो आणि मालमत्तेची यादी जाणकार वकिलाला दाखवून, आपला मोकळा वाटा नेमका किती, हे आधी निश्चित करून घेणे हिताचे.