सहा मीटरचा अंधार : लहान आतड्यातील आरंभीची गाठ कशी दिसू लागली?

१/९
लहान आतडे हा पचनमार्गाचा सर्वांत लांब भाग. लांबी सुमारे सहा मीटर. तरीही विसाव्या शतकाच्या अखेरपर्यंत त्याचा बहुतांश भाग पोट उघडल्यावाचून नीट पाहता येत नसे. तेथील गाठ बहुधा रक्तस्राव झाल्यावर किंवा आतडे अडल्यावरच उघडकीस येई. तोवर अनेकदा उशीर झालेला असे.

२/९
आरंभ १८६८ चा. जर्मनीतील फ्रायबुर्ग येथे अ‍ॅडॉल्फ कुसमाउल यांनी तलवार गिळण्याचे खेळ करणाऱ्या एका माणसाच्या जठरात सरळ, ताठ नळी उतरवली. नळी पोहोचली, प्रकाश मात्र अपुरा पडला. शिवाय ताठ नळी आतड्याची वळणे घेणार कशी?

३/९
१९५४ मध्ये लंडनचे हॅरॉल्ड हॉपकिन्स आणि पंजाबात जन्मलेले नरिंदर सिंग कपानी यांनी काचतंतूंच्या जुडीतून प्रतिमा वाहून नेता येते, हे ‘नेचर’मध्ये मांडले. त्यावरून प्रेरणा घेऊन बेसिल हिर्शोविट्झ आणि सहकाऱ्यांनी मिशिगन विद्यापीठात लवचीक दुर्बीण घडवली. १९५७ मध्ये हिर्शोविट्झ यांनी ती प्रथम स्वतः गिळली.

४/९
लवचीक दुर्बीण आद्यांत्रापर्यंत, म्हणजे लहान आतड्याच्या पहिल्या भागापर्यंत पोहोचली. पुढची वेटोळी मात्र पोटात सैल असतात. नळी मागून रेटली की ती पुढे सरकण्याऐवजी वेटोळेच ताणले जाई.

५/९
इस्रायलचे अभियंते गॅव्हरिएल इद्दान यांनी गिळता येणारा बिनतारी कॅमेरा कल्पिला. २००० मध्ये तो ‘नेचर’मधून जगापुढे आला. आतड्याच्या स्वाभाविक हालचालीने ही कुपी पुढे सरकते आणि छायाचित्रे पाठवत राहते. पण संशयित जागी ती थांबत नाही, तपासणीसाठी तुकडाही काढू शकत नाही.

६/९
ती उणीव जपानचे हिरोनोरी यामामोटो यांनी भरून काढली. २००१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या पद्धतीत दोन फुगे आळीपाळीने आतडे आतून धरतात. लेंग्यात नाडी ओवताना कापड चुणत जाते, तसे आतडे नळीवर गोळा होत जाते. आता खोलवरचा नमुनाही घेता येऊ लागला.

७/९
तरी प्रश्न उरलाच. आरंभीची गाठ कित्येकदा चपटी असते आणि पांढऱ्या प्रकाशात भोवतालच्या अस्तरात मिसळून जाते. जपानी वैद्यांनी निळीच्या कुळातील इंडिगो कार्माइन हा रंग शिंपडण्याचे तंत्र रुजवले. तो पेशींत शोषला जात नाही; खाचांत साचून उंचसखलपणा दाखवतो.

८/९
१९९० च्या दशकाच्या अखेरीस काझुहिरो गोनो आणि सहकाऱ्यांनी रंगाऐवजी प्रकाशच गाळून घेतला. ४१५ आणि ५४० नॅनोमीटरच्या आसपासचे दोनच अरुंद पट्टे ठेवले. रक्तातील हिमोग्लोबिन हा प्रकाश शोषते; त्यामुळे पृष्ठभागालगतच्या केशवाहिन्या तपकिरी उठून दिसतात. गाठीवर या वाहिन्यांची आणि आतड्याच्या सूक्ष्म उंचवट्यांची नेहमीची ठेवण बिघडलेली आढळते.

९/९
याचे मोल विशेषतः त्या कुटुंबांना, ज्यांच्यात आतड्यात असंख्य गाठी उद्भवण्याचा दोष वारशाने येतो. मोठ्या आतड्याप्रमाणेच त्यांच्या आद्यांत्रालाही कर्करोगाचा धोका असतो. १९८९ मध्ये स्पिगेलमन आणि सहकाऱ्यांनी गाठींची संख्या, आकार व पेशीरचना यांवरून त्या धोक्याचे टप्पे ठरवले. गाळलेला प्रकाश नमुना कोठून घ्यावा हे सुचवतो. अंतिम निदान आजही सूक्ष्मदर्शकाखालीच होते. मात्र तो नमुना आता रक्तस्रावाची वाट न पाहता घेता येतो.