वाँटेजची आजीबाई

डिसेंबर लागला की आम्हा सिल्वासातल्या बायकांच्या मोबाइलवर परदेशातले फोटो येऊ लागतात. कुणाचा नातू मेंढपाळ झालेला, कुणाची नात पांढरे पंख लावून देवदूत झालेली. शाळेतलं ख्रिसमसचं नाटक! पर्युषणात मात्र त्या घरातून काहीच येत नाही. लेकीला विचारलं तर म्हणते, "आई, आम्ही तिला कुठलाच धर्म शिकवत नाही. मोठी झाली की तिचं ती ठरवेल." मग आपला जीव दोन्हीकडून कासावीस. शाळा दुसरंच शिकवते, आई काहीच शिकवत नाही, आणि णमोकार शिकवायला आजी इकडे राहिली.

हा पेच आजचा नाही. पंडिता रमाबाई १८८३ साली इंग्लंडला गेल्या तेव्हा त्यांची मनोरमा दोन वर्षांची होती. नवरा आदल्या वर्षी गेलेला. जाण्यापूर्वी पुण्यात त्यांनी आर्य महिला समाज काढला होता आणि 'स्त्रीधर्मनीति' हे पुस्तक लिहिलं होतं. इंग्लंडमध्ये वाँटेज गावी अँग्लिकन जोगिणींच्या मठात मायलेकी उतरल्या. त्याच वर्षी २९ सप्टेंबरला दोघींचा बाप्तिस्मा झाला. रमाबाई नास्तिक नव्हत्या, हे आधीच सांगते. तरीही भांडण झालं, आणि ते पोरीच्या शिकवणीवरूनही झालं.

पुढे रमाबाई चेल्टनहॅमच्या महिला कॉलेजात शिकायला आणि शिकवायला गेल्या. मठातल्या सिस्टर जेराल्डीन यांचा मनोरमेवर फार जीव. रमाबाई त्यांना 'आजीबाई' म्हणत. या आजीबाईंचं म्हणणं सरळ होतं: मुलीचा बाप्तिस्मा झालाय, तेव्हा चर्चची सगळी शिकवण तिला मिळालीच पाहिजे. रमाबाईंना मात्र पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा मिळून एक देव, हे पटत नव्हतं. जे मला पटलेलं नाही आणि पोरीला कळणारही नाही, ते तिच्याकडून घोकून घेऊ नका, असा त्यांचा हट्ट. भटजींचं जोखड मोठ्या कष्टाने उतरवलंय, आता दुसरं मानेवर घेणार नाही, अशा अर्थाचं त्यांनी १८८५च्या पत्रात स्पष्ट लिहिलं.

वाद ताटापर्यंत गेला. रमाबाई शाकाहारी होत्या आणि तिकडेही तशाच राहिल्या. आजीबाईंना यात जातीचा गर्व दिसला. त्यावर रमाबाईंनी विचारलं की, एखादी इंग्रज बाई हिंदुस्थानात येऊन आपल्या सवयी सोडेना, तर तिला तुम्ही गर्विष्ठ म्हणाल का? परदेशात केकमध्ये अंडं आहे का, हे दहादा विचारणाऱ्या आपल्या मुलींना हे वाचून बरं वाटेल.

गंमत म्हणजे, त्या देशाच्या कायद्यात १८७०पासूनच अशी सोय होती की सरकारी मदतीच्या प्राथमिक शाळांत आईबाप मुलाला धर्माच्या तासाला बसवायला नकार देऊ शकत. आजही इंग्लंडमध्ये हा हक्क आहे. आपल्या राज्यघटनेतही कलम २८ आहे. सरकारमान्य शाळेत मुलाला धर्मशिक्षण द्यायचं तर पालकांची संमती लागते. सिल्वासात पोर्तुगीज १९५४पर्यंत होते, त्यांचं चर्च आजही उभं आहे. शाळा कोणत्याही धर्माच्या लोकांनी चालवलेली असो, संमतीचा हक्क आपलाच, हे कितीजणींना माहीत आहे?

पण गोष्ट इथे थांबत नाही. १८८९ साली रमाबाईंनी मुंबईत शारदा सदन काढलं, ते पुढे पुण्याला नेलं. विधवा मुलींनी आपापले आचार पाळावेत, धर्म शिकवायचा नाही, असं ठरलं होतं. रमाबाई मात्र स्वतःच्या खोलीत दार उघडं ठेवून प्रार्थना करत, आणि मुली येऊन बसत. 'केसरी'ने झोड उठवली. १८९३मध्ये रानडे, भांडारकर सल्लागार मंडळातून बाहेर पडले. कितीतरी पालकांनी मुली काढून नेल्या. वाँटेजला आई म्हणून जो प्रश्न त्यांनी विचारला, तोच आता त्यांना विचारला गेला. त्याच सदनातल्या गोदूबाई, म्हणजे पुढे महर्षी कर्व्यांच्या पत्नी झालेल्या बाया कर्वे, शिकून निघाल्या आणि हिंदूच राहिल्या. उघडं दार सगळ्यांवर सारखं काम करत नाही.

मला या कथेत रमाबाईंपेक्षा आजीबाईच जास्त आठवतात, कारण आज तिच्या जागी आपण आहोत. तिची माया खरी होती. आपलं तेच पोरीच्या भल्याचं, ही खात्रीही खरी होती. तरी आईचा शब्द तिच्या वर होता. आपली लेक ख्रिसमसचं झाडही लावते आणि देवाचं नावही घेत नाही, तेव्हा आपल्यालाही वाटतं, निदान आपण चोरून तरी शिकवावं. ते करू नये, असं माझं मत आहे.

करण्यासारखं दुसरं पुष्कळ आहे. नात विचारते, आजी, तू अंधार पडल्यावर जेवत का नाहीस? तिला नीट, पूर्ण उत्तर द्यावं. तिला नाही पटलं, तर रागावू नये. वाँटेजच्या आजीबाईने एवढी भांडणं होऊनही दुरावा धरला नाही. रमाबाईंची पत्रं तिने जपली, जमवली. १९७७ साली ती पुस्तकरूपाने छापली गेली, आणि संपादक होते इंडियन सेक्युलर सोसायटीचे संस्थापक अ. भि. शहा. त्या जोगिणीने जपलं, म्हणून तिच्याविरुद्धची रमाबाईंची बाजूही आज आपल्याला वाचता येते.