कॅसिओतले चार व्हायोलिनवाले

कुठल्याही कंपनीचं वनस्पती तूप म्हणजे 'डालडा', कुठलीही छायाप्रत म्हणजे 'झेरॉक्स', त्याच न्यायाने विजेवर वाजणारी कुठलीही पेटी आपल्याकडे 'कॅसिओ' झाली. "बंड्याला यामाहाचा कॅसिओ घेतला," हे वाक्य मी या कानांनी ऐकलं आहे. बोलणारे गृहस्थ शाळेत विज्ञान शिकवत. मी हसलो नाही. कारण दिवसा बँकेत नोटा मोजणारा आणि रात्री ऑर्केस्ट्रात अ‍ॅकॉर्डियन वाजवणारा मी १९८६ साली तीन पगार घालून तसलंच एक धूड घरी घेऊन आलो होतो. माझा कॅसिओ निदान कॅसिओचा होता, एवढंच.

वादक एकत्र जमले की सुरांविषयी बोलत असतील, अशी श्रोत्यांची एक गोड समजूत असते. आम्ही बोलायचो ते मस्कतहून कोणाचा कोण येतोय, कस्टमवाले किती लावतील, आणि परवाच्या मंडळाने पाकिटाचं काय केलं, याविषयी. नवीन वाद्य हातात येण्याआधी दोन वर्षं आम्ही ते तोंडाने वाजवत असू. धोबी तलावला फुर्टाडोजच्या काचेला नाक लावून उभा राहिलेला माणूस दिसला, तर तो हमखास आमच्यापैकी असे.

माझं यंत्र साडूने आणलं. विमानतळावर साहेबाने विचारलं, "हे काय?" साडू म्हणाला, "पेटी." "मग वाजवा." साडूने घाबरून जे बटण दाबलं ते नेमकं नमुन्याच्या गाण्याचं निघालं. ढोल, बासऱ्या, तुताऱ्या, सगळं एकदम सुरू! साहेब शांतपणे म्हणाले, "पेटीची ड्यूटी वेगळी आणि बँडची वेगळी." साडूने निमूट पैसे भरले आणि पुढे दहा वर्षं त्या आकड्याचा उल्लेख माझ्या बायकोपाशी न चुकता केला.

तसा पेटीवाल्यांच्या नशिबी वनवास पहिल्यापासूनचाच. पेटी मूळची पॅरिसची. १८४० नंतरच्या काही वर्षांत देबँ नावाच्या कारागिराने तिचं पेटंट घेतलं, तेव्हा ती खुर्चीवर बसून पायाने भाता मारत वाजवायची मडम होती. कलकत्त्याच्या द्वारकानाथ घोषांनी तिला मांडी घालून बसायला शिकवलं. मग तिने मैफलीतून सारंगीवाल्याला हळूच बाजूला सारलं. (हे लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.) १९४० साली ऑल इंडिया रेडिओने तिला दाराबाहेर काढलं. आरोप असा की तिला मींड येत नाही, श्रुती कळत नाहीत. आरोप खराच होता. पण याच कसोटीवर गवयांची झडती घेतली असती तर स्टुडिओत निवेदकच उरले असते. पेटीला पुन्हा आत यायला तीस वर्षं लागली.

त्या तीस वर्षांत विजेने मात्र बाजी मारली. १९५४ सालच्या 'नागिन'मधली बीन ऐकून थिएटरात साप निघत, असं आमची आजी सांगे. ती बीन नव्हतीच. मार्टिन नावाच्या फ्रेंच माणसाने १९४७ साली काढलेलं क्लेव्हायोलिन नावाचं विजेचं वाद्य कल्याणजींनी वाजवलं होतं, जोडीला रवींची हार्मोनियम. ते दोघेही पुढे मोठे संगीतकार झाले. सापांना मात्र कोणी काही सांगितलं नाही.

१९७० साली अमेरिकेत रॉबर्ट मूग यांचा मिनीमूग आला. दहा बोटं ठेवा, वाजणार सूर एकच. साहेबाला ही मोठी अडचण वाटे. आपलं गाणं मुळात एकसुरी. चांगल्या अर्थाने म्हणतोय! शिवाय डाव्या हाताशी एक चाक होतं, ते ढकललं की सूर सरकत जाई. ज्या मींडेपायी पेटीला रेडिओबाहेर काढलं, ती तिच्या नातवाने चाकावर घालून आणली. खोड एकच: गरम झाला की तो सूर सोडी. आमच्या ऑर्केस्ट्रातल्या गायकांत हा गुण आधीपासूनच असल्याने आम्हांला त्याचं नवल नव्हतं. मग १९८३ साली यामाहाचा डीएक्स-७ आला. अमेरिकेतल्या स्टॅनफर्ड विद्यापीठातल्या चाऊनिंगसाहेबांचं गणित त्याच्या पोटात होतं. एका वेळी सोळा सूर, आणि तापला तरी सूर सोडायचं नाव नाही. नवे आवाज घडवायची सोय होती. पण त्यासाठी पोस्टाच्या तिकिटापेक्षा जेमतेम मोठ्या पडद्यात डोळे घालून एकेक आकडा बदलायचा. जगभरच्या वादकांनी कंपनीने भरून दिलेलेच आवाज वाजवले. आळसाला देशाच्या सीमा नसतात, हे मला तेव्हा कळलं.

पण या साऱ्यांत माझा जीव जडला तो चरणजित सिंगांवर. मुंबईतले फिल्मी वादक. गिटार म्हणा, बेस म्हणा, पट्ट्यांचं वाद्य म्हणा, मिळेल त्या कामावर हजर. त्यांनी रोलँड कंपनीची तीन यंत्रं मिळवली आणि १९८२ साली डिस्कोच्या ठेक्यावर दहा रागांची रेकॉर्ड काढली. भैरवी, ललत, तोडी, मालकंस! कोणी ढुंकून पाहिलं नाही. त्या तिघांपैकी टीबी-३०३ ही चंदेरी डबी बेस गिटारवाल्याच्या जागी बसवण्यासाठी केलेली. ती कुठल्याच बेसवाल्यासारखी वाजेना, म्हणून १९८४ साली कंपनीने बंद केली. पडत्या भावात ती शिकागोच्या पोरांनी उचलली, कान पिरगाळावेत तशा तिच्या खुंट्या पिरगाळल्या, आणि १९८७ साली 'अ‍ॅसिड हाउस' म्हणून नवंच संगीत जगापुढे ठेवलं. २०१० साली चरणजित सिंगांची रेकॉर्ड हॉलंडहून पुन्हा निघाली, तेव्हा मंडळींना घाम फुटला. शिकागोच्या पाच वर्षं आधी मुंबईत कोणीतरी त्याच डबीवर भैरवी वाजवून बसलं होतं! सत्तरी ओलांडलेले चरणजित सिंग युरोपात जाऊन तरण्या पोरांना नाचवून आले. २०१५ साली ते गेले.

बेसवाल्याच्या जागी बसवण्यासाठी केलेली डबी, या शब्दांपाशी मी जरा अडखळतो.

१९८२ सालीच लंडनमध्ये वादकांच्या युनियनच्या शाखेने सिंथेसायझरवर बंदी घाला, असा ठराव केला होता. आमच्याकडे ठराव वगैरे झाला नाही. आमच्याकडे मॅनेजर होते. माझ्या कॅसिओतलं 'स्ट्रिंग्ज' नावाचं बटण त्यांनी दोनदा ऐकलं आणि आमच्या चार व्हायोलिनवाल्यांना सांगितलं, "पुढच्या महिन्यात बघू." चौघांतले थोरले म्हणजे मास्तर. गोव्याच्या चर्चच्या शाळेत नोटेशन शिकून मुंबईत आलेले. मला दोन ओळी वाचता येतात त्या त्यांच्यामुळे. मॅनेजर त्यांच्याशी बोलत होते तेव्हा मी विंगेत वायर गुंडाळत होतो. वायर गुंडाळायला एवढा वेळ लागत नाही.

त्याच वर्षी गणपतीत भर कार्यक्रमात लाइट गेली. माझे चारही व्हायोलिनवाले एका क्षणात गारद. काळोखात कोणीतरी ओरडलं, "अरे, ते म्हातारेबाबा कुठायत? मागच्या वर्षी पेट्रोमॅक्सवर वाजवलं होतं त्यांनी!"

दिवाळीनंतर मास्तर घरी आले. कोट घालून, जसे कोणाच्या बारशाला यावेत तसे. म्हणाले, "कर बघू चालू." मी बटण दाबून चार पट्ट्या धरल्या. त्यांनी डोळे मिटून ऐकलं, बराच वेळ.

"सुरात आहे," ते म्हणाले. "पण बाबा, गज परततात कुठे हे लोक?"

"म्हणजे?"

"गज संपतो ना! परतायला नको? तू तर धरूनच ठेवलास. श्वास कोंडला माझा." मग हात हवेत नेऊन त्यांनी गज परतायची जागा दाखवली. चहा घेतला. हप्ता किती पडतो ते विचारलं, आकडा ऐकून मान हलवली, आणि निघताना माझ्या मुलाच्या हातावर दोन रुपये ठेवले.

तो कॅसिओ अजून माळ्यावर आहे. नातवाच्या मोबाइलमध्ये मूगही आहे, डीएक्सही आहे, आणि मला वाटतं सापही असतील. गेल्या गणपतीत त्याने हट्टाने धूड खाली काढायला लावलं. दोन पट्ट्या मुक्या निघाल्या, पण स्ट्रिंग्जचं बटण चालू. मी सूर धरला आणि थोड्या वेळाने बोटं किंचित उचलून पुन्हा टेकवली.

"आजोबा, मध्येच तुटलं," नातू म्हणाला.