सिरीयल डिव्हाइस सर्व्हर

सिरीयल पोर्ट असलेले यंत्र इथरनेटच्या जाळ्याला जोडणारी लहान पेटी. तिच्या एका अंगाला आरएस-२३२ किंवा आरएस-४८५ची जोडणी असते, दुसऱ्या अंगाला नेटवर्कची केबल. सिरीयल तारेवरून आलेले बाइट ती टीसीपी/आयपीच्या पॅकेटमध्ये भरून पुढे पाठवते आणि नेटवर्कवरून आलेले बाइट ओळीने तारेवर सोडते.

आरएस-२३२ हे मानक अमेरिकेत १९६० साली आले. त्याची केबल साधारण १५ मीटरपर्यंत भरवशाची. १९८३ सालचे आरएस-४८५ दोन तारांमधल्या व्होल्टेजचा फरक वाचते. त्यामुळे कमी वेगाला ते सुमारे १,२०० मीटर जाते आणि एकाच जोडतारेवर ३२ यंत्रे बसतात. वजनकाटे, वीजमीटर, सीएनसी यंत्रे, पीएलसी यांत हे पोर्ट अजून सर्रास दिसतात. संगणकांवरून मात्र ते जवळजवळ गेले. चालू स्थितीतले यंत्र केवळ पोर्टसाठी बदलणे बहुतेक कारखान्यांना परवडत नाही. पेटीची गरज तिथूनच निर्माण होते. १९८०च्या दशकातले टर्मिनल सर्व्हर हे तिचे पूर्वज.

संगणकावर व्हर्च्युअल कॉम पोर्टचा ड्रायव्हर घातला की जुन्या सॉफ्टवेअरला पोर्ट संगणकालाच आहे असे वाटते. बॉड रेट, पॅरिटी आणि नियंत्रणरेषांची स्थिती दुरून बदलण्याची रीत आरएफसी २२१७ने १९९७ साली टेलनेटमध्ये घालून दिली. दोन पेट्या समोरासमोर जोडल्या तर संगणकाशिवायही दोन यंत्रे बोलतात.

बाइट पोचवणे सोपे, अडचण वेळेची. मॉडबस आरटीयू या १९७९ सालच्या मॉडबस प्रोटोकॉलच्या सिरीयल रूपात संदेश संपल्याची खूण म्हणजे साडेतीन अक्षरांइतकी शांतता, ९६०० बॉडला सुमारे ४ मिलिसेकंद. इथरनेटवर ही शांतता टिकत नाही. एक संदेश दोन पॅकेटमध्ये तुटतो किंवा दोन संदेश एकात येतात. म्हणून किती शांततेनंतर पॅकेट सोडायचे याची सेटिंग पेटीत असते, आणि ‘कधी चालते, कधी चालत नाही’ अशी तक्रार आली तर आधी तीच तपासावी. त्याहून बरा मार्ग प्रोटोकॉल जाणणाऱ्या गेटवेचा. तो आरटीयू संदेशातला सीआरसी (चूक तपासण्याचा आकडा) काढतो, पुढे ७ बाइटांचे शीर्ष जोडतो आणि मॉडबस टीसीपीच्या ५०२ क्रमांकाच्या पोर्टवर व्यवहार करतो. अनेक संगणकांनी एकाच वेळी विचारले तर प्रश्न रांगेत लावतो, कारण आरएस-४८५च्या तारेवर एका वेळी एकानेच बोलायचे असते. ही रांग लांबली की संगणकावर टाइमआउट येतात. जुन्या सॉफ्टवेअरची प्रतीक्षावेळ वाढवणे हाच बहुतेकदा उपाय.

सुरक्षिततेकडे मात्र नेहमी दुर्लक्ष होते. मॉडबससारख्या जुन्या प्रोटोकॉलमध्ये विचारणारा कोण, हे तपासण्याची सोयच नाही. पूर्वी तार आवाराबाहेर जात नसे, म्हणून ते खपले. पेटीने ती तार नेटवर्कला जोडली आणि पेटी स्वतःही हल्ल्याचे लक्ष्य झाली. २३ डिसेंबर २०१५ रोजी युक्रेनमधील वीज वितरण कंपन्यांवरील हल्ल्यात घुसखोरांनी दुरूनच ब्रेकर उघडले आणि उपकेंद्रांतल्या सिरीयल-इथरनेट कन्व्हर्टरचे, म्हणजे अशाच पेट्यांचे, फर्मवेअर बिघडवून ठेवले. सुमारे सव्वादोन लाख ग्राहकांची वीज गेली. काही तासांत ती परत आली, पण त्यासाठी उपकेंद्रांत माणसे पाठवून ब्रेकर हातांनी लावावे लागले.