भिंतीतली वाट

जालन्यातल्या एका जुन्या वाचनालयात मागच्या पावसाळ्यात संगणक आले. नेटवर्कची केबल ओढणाऱ्यांनी ती विजेच्या जुन्या लाकडी पट्टीतूनच नेली. वर सागवानी तुळया आणि माळवद, खाली जुन्या दप्तरांची कपाटे. महिनाभरात विजेच्या एका सैल सांध्याची धग नव्या केबलच्या प्लॅस्टिकला लागली. वास वेळीच आला म्हणून कागद वाचले. बाहेरची वाट घरात कशी घ्यावी, हे या गावाला कधी ठाऊकच नव्हते काय, हा प्रश्न तेव्हापासून माझ्या मनात आहे.

ठाऊक होते. १५७८ मध्ये काळी मशीद बांधणाऱ्या जमशेदखानाने मोती तलावही बांधवला. त्याचे पाणी जमिनीखालच्या नळांनी गावातल्या हौदांत आले. त्यांतला सर्वांत मोठा हौद सराईच्या चौकात होता. शेजारच्या औरंगाबादेत, तेव्हाच्या खडकीत, मलिक अंबरच्या नहरीवर ठिकठिकाणी तपासणीची तोंडे ठेवलेली दिसतात. वाट झाकायची, पण पुन्हा उघडता येईल अशी, हा त्यातला धडा.

तारेने दुसरा धडा दिला, आवरणाचा. ओशॉनेसी या डॉक्टराने १८३९ मध्ये कलकत्त्याजवळ तारायंत्राचे प्रयोग केले. पुढे डायमंड हार्बरच्या मार्गावर त्याने लोखंडी सळया डांबरात भिजवलेल्या मद्रासी कापडात गुंडाळल्या आणि कौलांत वाळू-राळेच्या लेपात बसवून पुरल्या. जवळ मिळेल त्या सामानाने त्याने तारेला जमिनीपासून वेगळे ठेवले. विसाव्या शतकाच्या तोंडावर गोदावरी खोऱ्याची रेल्वे जालन्याला आली, तिच्यासोबत तारेचे खांबही आले.

तिसरा धडा शेजाराचा. एका तारेतला प्रवाह दुसरीत गोंगाट उठवतो. त्यावर उपाय म्हणून दोन तारांना एकमेकींभोवती पीळ देण्याचे पेटंट अलेक्झांडर ग्रॅहम बेलने १८८१ मध्ये घेतले. आजच्या नेटवर्क केबलमधल्या चार जोड्या त्याच पिळाच्या. म्हणून ती बांधताना करकचून आवळू नये, काटकोनात मोडू नये, टोकाशी पीळ गरजेपेक्षा जास्त उकलू नये. एका ओळीची लांबी १०० मीटरच्या आत ठेवावी.

पण पिळाने गोंगाट कमी होतो, विजेचा धोका नाही. विजेची तार आणि ही केबल वेगवेगळ्या पट्ट्यांतून, अंतर राखूनच न्यावी. ओलांडणे भाग पडले तर काटकोनात ओलांडावी. भोक पाडण्याआधी विजेचा मुख्य खटका बंद करावा, भिंतीत तार आहे का ते पाहावे. भारवाहू तुळईला भोक पाडू नये. भिंतीतले भोक न जळणाऱ्या लेपाने बुजवावे, नाहीतर आग आणि धूर त्याच वाटेने पुढच्या खोलीत शिरतात. दोन इमारती जोडायच्या तर तांब्याऐवजी काचतंतू घ्यावा, म्हणजे आकाशातली वीज एका इमारतीतून दुसरीत त्या वाटेने जात नाही.

वाचनालयाने आता विजेची जुनी वायरिंग काढून नवी केली आहे. केबलला उघडता येणारी वेगळी पट्टी आहे आणि दोन्ही टोकांना क्रमांक आहेत. कोणती केबल कुठून कुठे गेली, याचा हाती काढलेला नकाशा मी आवक नोंदवहीच्या शेवटच्या पानावर चिकटवून आलो. पुढे भिंत फोडणाऱ्याने छिन्नी उचलण्याआधी तो पाहावा, एवढीच अपेक्षा.