चिनी अन्नाचें मूळ

राष्ट्राचा इतिहास राजवाड्यांत जितका सांपडतो, तितकाच तो चुलीपाशींहि सांपडतो. चीन देशाविषयीं हें विशेष खरें आहे. चिनी जेवणाचे मूळचे भाग दोन : ‘फान’ म्हणजे शिजलेलें धान्य, आणि ‘त्साय’ म्हणजे भाजी, मासळी, मांस इत्यादि तोंडीलावणें. मुख्य मान फानाचा. ही वांटणी स्वयंपाक्यानें नव्हे, तर शेतकऱ्यानें केलेली आहे, असें माझें मत आहे.

उत्तरेस पीत नदीच्या खोऱ्यांत वाऱ्यानें वाहून आणलेल्या पिवळ्या मातीचे जाड थर आहेत. पाऊस थोडा व बेभरंवशाचा. तेथें माणसानें प्रथम राळे व वरी हीं कमी पाण्यावर येणारीं धान्यें हातीं धरलीं. हेबेई प्रांतांतील त्सशान येथें सुमारें ८००० वर्षांपूर्वींचीं धान्याचीं पेवें उत्खननांत सांपडलीं. या वरीच्या जातीसच संस्कृतांत ‘चीनक’ असें नांव आहे. पुढें चौ राजवंशानें आपला आदिपुरुष म्हणून ज्यास पूजिलें, तो ‘हौ-ची’ म्हणजे या धान्याचाच अधिपति होय. राजकुळानें आपलें मूळ पेरणी करणाऱ्यापाशीं नेऊन पोंचविलें, ही गोष्ट लहान नव्हे.

दक्षिणेस यांगत्से नदीच्या खोऱ्यांत पाणी मुबलक. म्हणून तेथें भात. झेजियांग प्रांतांतील हेमुदु येथें १९७३ सालीं खणण्यास आरंभ झाला, तेव्हां सुमारें ७००० वर्षांपूर्वींच्या भाताचे साठे व जनावरांच्या खांद्याच्या हाडांचीं फावडीं मिळालीं. चीनच्या प्राचीन वस्त्यांत तळास भोकें असलेलें मातीचें भांडेंहि आढळतें. तें उकळत्या पाण्यावर ठेवून धान्य वाफवीत. आपल्या मोदकपात्राचीच ही रीत.

गहूं मात्र चीनचा नव्हे. तो पश्चिम आशियांतून ४००० हून अधिक वर्षांपूर्वीं आला. त्याच्या मायदेशीं त्याची भट्टींत भाजलेली रोटी होत असे. चीनमध्यें तो प्रथम भाताप्रमाणें अख्खाच शिजला. पुढें हान राजवटींत जातें सर्वत्र पसरलें आणि पीठ मिळूं लागलें. तरी त्या पिठाच्या मुख्यतः उकडलेल्या शेंवया व वाफवलेल्या रोट्याच झाल्या. धान्य परकें आलें, पण चूल बदलली नाहीं.

भूक मात्र नवें बीं मागतच राहिली. १०१२ सालीं यांगत्सेच्या प्रदेशांत अवर्षण पडलें असतां सुंग सम्राट् चेन्त्सुंग यानें चंपा देशाच्या भाताचें बीं शेतकऱ्यांस वांटविलें. हा भात लौकर पिके व थोड्या पाण्यावर तगे. त्यामुळें डोंगरउतारावरचीं शेतेंहि लागवडीस आलीं.

चिनी पक्वान्नांची कीर्ति आज जगभर आहे; पण त्यांच्या मुळाशीं वाटीभर धान्याची चिंता आहे. भेटलेल्या माणसास ‘फान खाल्लें काय?’ असें विचारण्याची त्या देशांत जुनी रीत आहे. १८७६ ते १८७९ च्या दुष्काळांत ज्या उत्तर चीननें सुमारें एक कोटि माणसें गमावलीं, तेथें हा प्रश्न केवळ उपचाराचा कसा असेल?